डायोडचं ऋणाग्र आणि धन तार: ‘ऋण’ कशाच्या मानाने?

सौदामिनी: डायोड म्हणजे साधारणपणे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा सुटा भाग. त्याच्या टोकांना मराठीत धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतात. पण अडॅप्टरच्या सर्किटमध्ये धन तार निघते ती ऋणाग्रापासून, म्हणजे डायोडवरच्या रुपेरी पट्टीच्या बाजूने. मग ‘ऋण’ म्हणायचं तरी कशाला?

ओहमपंत: नावातली खूण प्रवाहाची वाट सांगते. डायोड चालू असताना प्रवाह बाहेरून ज्या टोकात शिरतो ते धनाग्र, जिथून बाहेर पडतो ते ऋणाग्र. अडॅप्टरमध्ये ऋणाग्रातून बाहेर आलेला हा प्रवाह कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) भरतो. त्या वेळी ऋणाग्र धनाग्राहून जेमतेम ०.७ व्होल्टने खाली असतं. शून्याच्या तारेवरून मोजलं तर दोन्ही टोकं धनच.

सौदामिनी: म्हणजे ऋण फक्त शेजाऱ्याच्या मानाने?

ओहमपंत: तेही चालू असेपर्यंतच. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोध आणि १एन४००७ डायोड एकापुढे एक जोडा. डायोड सरळ (धनाग्र बॅटरीच्या धन बाजूला) असेल तर त्यावर ०.७च्या आसपास, उरलेले ८.३ व्होल्ट रोधावर. म्हणजे प्रवाह ८.३ मिलिअँपिअर. आता डायोड उलटा लावा. प्रवाह जवळजवळ बंद, रोधावर काहीच नाही, आणि मीटर डायोडवरच सगळे ९ व्होल्ट दाखवतो. या वेळी बॅटरीच्या धन बाजूला आहे ते ऋणाग्र! नाव काही बदलत नाही.

सोल्डरबाबा: झेनर हा डायोडचा प्रकार विसरलात. तो कामाला लावतात उलटाच, पट्टी धन बाजूला करून, आणि प्रवाह शिरतो ऋणाग्रातून. व्याख्या गेली की बाराच्या भावात.

ओहमपंत: बरोबर. म्हणून अर्धसंवाहकात नावं सरळ जोडणीवरून एकदाच ठरवतात: आतल्या दोन थरांपैकी पी थराची बाजू धनाग्र, एन थराची बाजू ऋणाग्र. पुढे कसाही जोडा.

शब्दवेडी: गोंधळ आपल्या प्रतिशब्दाने वाढवलाय असं माझं मत. शास्त्रज्ञ फॅरडेने १८३४मध्ये विद्वान मित्र विल्यम ह्यूएलच्या सल्ल्याने अ‍ॅनोड (आपलं धनाग्र), कॅथोड (आपलं ऋणाग्र) हे शब्द घेतले. ग्रीकमध्ये त्यांचा अर्थ वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. धन-ऋण त्यात कुठेच नाही. ‘डायोड’मध्येही तीच ‘वाट’ आहे, ‘दोन’ लावून. विल्यम एक्ल्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९१९मध्ये तो शब्द दोन अग्रांच्या निर्वात नळीसाठी घडवला. गंमत म्हणजे नावात वाटा दोन, आणि डायोडची सगळी मिजास एकाच वाटेवर!

सौदामिनी: मग माझ्या आकृतीत अ‍ॅनोड-कॅथोडच ठेवते. एलईडीवर पट्टी नसते, तिथे काय बघायचं?

सोल्डरबाबा: लांब पाय अ‍ॅनोड. पाय कापलेले असतील तर गोल कडेचा चपटा भाग शोधा. ती कॅथोडची बाजू. आणि रोध न घालता थेट ९ व्होल्टला लावू नका, लगेच जाईल.