अमेझॉनमधल्या सुरुई-कारितियाना लोकांच्या डीएनएत ओंगींशी जुळणारा भाग कुठून आला?

निनाद_क

परवा एक व्हिडिओ बघितला, त्यात अगदी ठासून सांगत होते की ब्राझीलच्या अमेझॉनमधल्या सुरुई आणि कारितियाना या जमातींमध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा आणि अंदमानच्या ओंगींचा डीएनए सापडलाय, म्हणजे कोणीतरी होड्या घेऊन पॅसिफिक पार करून दक्षिण अमेरिकेत पोचलं असणार. मी आजवर वाचत आलोय की तिथले सगळे मूळ लोक सैबेरियाकडून बेरिंगच्या वाटेने खाली उतरले. मग दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? आणि दुसरी शंका, कारितियाना म्हणे जेमतेम तीन-साडेतीनशे लोक आहेत, इतक्या लहान गटात कुठलाही जीन योगायोगाने वाढू शकतो ना, मग त्यांच्या रक्तावरून एवढा मोठा निष्कर्ष कसा काढायचा? कोणाला माहिती असेल तर जरा सविस्तर लिहा, आकडेमोड असली तरी चालेल.

मृण्मयी

निनाद, डीएनए जुळतो हे खरंय, होड्यांचं मात्र व्हिडिओवाल्यांनी पदरचं घातलंय.

२०१५ च्या जुलैमध्ये दोन वेगवेगळ्या टीमचे पेपर आले, एक 'नेचर'मध्ये, एक 'सायन्स'मध्ये. दोघांनाही सुरुईंमध्ये हा धागा दिसला, 'नेचर'वाल्यांना कारितियाना आणि ब्राझीलमधल्याच शावांते जमातीमध्येही दिसला. पण प्रमाण किती, तर साधारण १ ते २ टक्के. उरलेलं सगळं तेच, जे बाकीच्या अमेरिकन मूळनिवासींचं आहे, सैबेरियाकडून आलेलं. त्यामुळे तू वाचलेलं चुकीचं ठरत नाही, त्यात एक बारीकसा धागा जास्त निघालाय एवढंच. आणि 'ओंगींचा डीएनए' हे बोलणंच बरोबर नाही. ओंगी, पापुआचे लोक आणि ऑस्ट्रेलियाचे आदिवासी हे एकमेकांपासून फार फार पूर्वी तुटलेत, या तिघांशी लांबचं नातं असलेला कुठलातरी जुना गट होता आणि त्याचा अंश सुरुईंमध्ये आलाय, असं म्हणायचं. त्या हरवलेल्या गटाला पेपरात 'पॉप्युलेशन वाय' म्हटलंय, तुपी भाषेत पूर्वजांना 'इपिकुएरा' (Ypykuéra) म्हणतात त्यातलं पहिलं अक्षर Y.

आता लहान गटाचं. शंका अगदी रास्त आहे, मलाही आधी हीच आली होती, म्हणून मोजतात कसं ते सांगते. चार जण घ्यायचे: आफ्रिकेतला योरुबा, अंदमानचा ओंगी, मेक्सिकोतल्या मिहे जमातीचा एक आणि एक सुरुई. जीनोममधल्या, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएमधल्या, अशाच जागा निवडायच्या जिथे योरुबाकडे डीएनएचं जुनं अक्षर आहे, ओंगीकडे बदललेलं आहे, आणि मिहे-सुरुई या दोघांपैकी फक्त एकाकडेच ओंगीसारखं बदललेलं आहे. मिहे आणि सुरुई एकाच पूर्वजगटातून फुटले असतील तर या जागा दोघांत साधारण निम्म्या-निम्म्या वाटल्या जायला हव्यात. हजारो जागा मोजल्या तर पारडं सुरुईंकडे झुकतं. थोडंसंच झुकतं, पण योगायोग म्हणून सोडून देण्याइतकं थोडं नाही.

आणि लहान गटात जे होतं, ज्याला ड्रिफ्ट म्हणतात, त्याला दिशा नसते. एखाद्या ठिकाणी ओंगीसारखं अक्षर गळून जाईल तर दुसऱ्या ठिकाणी तेच सगळ्यांमध्ये पसरेल, कारण अमुक अक्षर ओंगींशी जुळतं म्हणून ते टिकवायचं असं काही जीनोम ठरवत नसतो. ड्रिफ्टने आकडे खालीवर होतील, पण लाखो जागांवर सगळं मिळून एकाच बाजूला नाही झुकणार. शिवाय एका माणसाच्या जीनोममध्ये हजारो पूर्वजांचे तुकडे असतात, म्हणून थोड्या माणसांवरूनही जुना इतिहास बऱ्यापैकी वाचता येतो.

जुनी_वाट

मृण्मयीताईंनी छान समजावलंय, मी ड्रिफ्टबद्दलच थोडी भर घालतो, कारण कारितियाना हे त्याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण असावं. हे लोक रोन्दोनिया राज्यात, पोर्तो वेल्योपासून साधारण शंभर किलोमीटरवर राहतात. रबरवाल्यांच्या काळातली घुसखोरी आणि बाहेरून आलेले आजार यांनी त्यांची संख्या पार घसरली, एकेकाळी शंभराच्याही खाली गेली होती. त्या पडत्या काळात त्यांच्या एका प्रमुखाने बऱ्याच बायकांशी लग्न केलं आणि आज तिथली कितीतरी मुलं त्याचीच नातवंडं-पतवंडं आहेत. आता जीनोम बघा, आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत लांबच लांब पट्ट्यांवर अक्षरन् अक्षर सारखी, कारण दोन्हीकडून वर चढत गेलं की त्याच माणसांपाशी पोचतो. जगभरातून तपासलेल्या गटांमध्ये सगळ्यात कमी वैविध्य कारितियाना आणि सुरुईंमध्येच सापडतं. एक तर आफ्रिकेपासून लांब जाताना प्रत्येक टप्प्यावर थोडं वैविध्य गळतंच आणि हे त्या रस्त्याच्या शेवटी, वर हे अलीकडचं संकट. सुरुईंचंही तेच, १९६९ मध्ये सरकारी माणसांशी पहिला संपर्क झाला आणि पुढच्या काही वर्षांत गोवर वगैरेंनी बहुतेक लोक मेले. तक्त्यात 'कमी हेटेरोझायगॉसिटी', म्हणजे आईकडची आणि वडिलांकडची प्रत वेगळी असण्याचं प्रमाण कमी, असं लिहिलेलं वाचलं की मला ती मेलेली माणसं आठवतात, तो नुसता आकडा वाटतच नाही.

ऋतुजा_स

होड्यांचं राहिलंय म्हणून लिहिते. पॅसिफिक ओलांडणारे कोण, तर पॉलिनेशियन लोक. त्यांच्यात तैवानकडून आलेला पूर्व आशियाई भाग खूप मोठा आहे, ते अमेझॉनपर्यंत आले असते तर तो भागही सोबत दिसला असता, नुसता पापुआ-ओंगीसारखा नाही. संपर्क झालाच नाही असं नाही हं, २०२० च्या एका अभ्यासात पॅसिफिकमधल्या मार्केसाससारख्या बेटांवरच्या लोकांमध्ये अमेरिकन मूळनिवासींचा अंश सापडला, साधारण इसवी सन १२०० च्या आसपासचा, आणि तो कोलंबियातल्या झेनू लोकांच्या जवळचा. म्हणजे संपर्क आहे, पण अलीकडचा, आणि त्याची खूण बेटांवर दिसते.

खरा निर्णायक पुरावा काळाचा आहे. ब्राझीलच्या लागोआ सान्ता भागात सुमिदोरोच्या गुहेतला सुमारे १०,४०० वर्षांपूर्वीचा सांगाडा आहे, त्याच्या डीएनएत हाच धागा २०१८ मध्ये दिसला. तेव्हा पॉलिनेशियन हा समाज जन्मालाही आला नव्हता! आणि गंमत बघा, त्याच भागातल्या लापा दो सान्तो गुहेतल्या, साधारण ९,६०० वर्षं जुन्या माणसांत तो दिसत नाही. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात अँझिक नावाच्या ठिकाणी सापडलेला बाळाचा सांगाडा सुमारे १२,७०० वर्षांपूर्वीचा, त्यातही नाही. उलट बीजिंगजवळच्या तियानयुआन गुहेतला ४०,००० वर्षांपूर्वीचा माणूस बाकीच्या अमेरिकन मूळनिवासींपेक्षा सुरुई-कारितियानांशी जास्त जुळतो. मला यावरून असं पटतं की आशियातून निघालेले लोक एकसारखे नव्हतेच, काही टोळ्यांत हा जुना अंश होता, काहींत नव्हता, आणि तो तसाच विरळ-विरळ खाली उतरला. २०२१ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरच्या लोकांतही तो सापडला, म्हणजे जंगलापुरता मर्यादित नाही.

निनाद_क

मृण्मयीताई, नाण्यासारखं निम्मं-निम्मं पडायला हवं हे वाचून एकदम डोक्यात उजेड पडला, मी ड्रिफ्ट आणि मिश्रण यांची गल्लत करत होतो. ऋतुजा, मग हा पॉप्युलेशन वाय आधी येऊन राहिला होता आणि सैबेरियावाले नंतर त्याच्यावर येऊन बसले, असं नाही का म्हणता येणार? मला ते जास्त सोपं वाटतं.

ऋतुजा_स

म्हणता येईल, काहींनी म्हटलंही. पण तसं असेल तर निव्वळ वायचा एखादा तरी सांगाडा मिळायला हवा. आजवर जुना डीएनए मिळालाय तो सगळा मुख्यतः त्याच सैबेरियाकडच्या वंशाचा. लागोआ सान्ता भागातच सापडलेली लुझिया नावाच्या प्राचीन बाईची कवटी आणि तिच्या आसपासच्या कवट्या वेगळ्या दिसतात म्हणून आधी एक निराळी लाट आली, असं बरीच वर्षं मानत होते, पण लागोआ सान्ताचा डीएनए वाचल्यावर तीही नेहमीचीच अमेरिकन मूळनिवासी माणसं निघाली. कवटीच्या आकारावर मी तरी आता भरवसा ठेवत नाही.

जुनी_वाट

एक गोष्ट या चर्चेत यायलाच हवी. आपण ज्या सॅम्पलवर बोलतोय ते रक्त कसं गोळा झालं? औषधं देऊ असं सांगून रक्त नेलं आणि औषधं कधी आलीच नाहीत, असं कारितियाना लोक वर्षानुवर्षं सांगताहेत. त्यांच्या रक्तातून वाढवलेल्या पेशींचे नमुने अमेरिकेतल्या साठ्यातून ८५ डॉलरला एक असे मिळत होते, हे २००७ मध्ये वर्तमानपत्रात छापून आलं, तेव्हा त्यांचा संताप झाला होता, आणि का होऊ नये? या सगळ्या शोधांचा आपल्याला काहीच फायदा झाला नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

अमेझॉनमधल्याच यानोमामी जमातीचं उदाहरण पण वाचा. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांचं रक्त अमेरिकेत नेलं. त्यांच्यात माणूस मेला की त्याचं काहीही मागे ठेवत नाहीत, आणि इथे मेलेल्यांचं रक्त फ्रीजरमध्ये पडून होतं. त्यांचे नेते दावी कोपेनावा आणि बाकीच्यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१५ मध्ये २,६९३ नळ्या परत आल्या. लोकांनी विधी करून ते रक्त आपल्या जंगलात जमिनीत ओतलं.