रंगकामाच्या तारखा कशा बसवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपुरात आमचं रंगकामाचं छोटं काम आहे, दोन टोळ्या, बहुतेक फ्लॅट आणि जुनी घरं. दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच घाई असते आणि तारखा एकमेकींवर चढतात.

खरी अडचण वाळण्याच्या वेळेची. पुट्टीचा हात मारला की पुढचा हात किंवा घासाई लगेच होत नाही, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. सप्टेंबरच्या दमट हवेत तर भिंत वाळता वाळत नाही. तेवढ्या वेळात टोळी दुसऱ्या साइटवर पाठवावी, तर मनीषनगरहून शहराच्या महाल भागात जाईपर्यंत अर्धी सकाळ जाते. उंचावर रंगवायला चढायची घोडी एकच, ती नेमकी नको तिथे असते. त्यात घरमालक ऐन वेळी म्हणतात, 'भाऊ, पाहुणे आले, सोमवारी या ना!'

सध्या डायरी आणि व्हॉट्सॲपवर भागवतो. गूगल कॅलेंडर कुणी वापरता का? नोंद घराप्रमाणे करता की टोळीप्रमाणे? कारागिरांना मराठीत, मोबाइलवर दिसेल असं काही हवं. महागडं सॉफ्टवेअर नको. आणि तारीख पक्की करताना ॲडव्हान्स किती घेता, तेही सांगा.