एफसी-१५० पेट्रोल : गार असताना लोणी, तापली की मिसिंग

तासगावचा पुतण्या :
काकांची १९७१ ची महिंद्राची एफसी-१५० पिकअप आहे, हरिकेन पेट्रोल इंजिनवाली. एकेकाळी द्राक्षाच्या पेट्या वाहायची, आता रविवारी मी फिरवतो. आसपासच्या सगळ्यांनी आपापल्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवून घेतली, आमचे काका काही बधले नाहीत.

सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फात चालू. कवठे एकंदपर्यंत अगदी लोणी. पण वीसेक मिनिटांनी इंजिन तापलं की गाडी उभी केल्यावर थरथरते, सायलेन्सरमधून मधूनच फुस्स-फट होतं आणि सांगलीत पहिल्याच सिग्नलला बंद. रेस वाढवली की सावरते. इंजिन दोन सीटांच्या मधे झाकणाखाली असल्यामुळे मिसिंग कानाआधी मांडीला कळतं!

पॉइंट, कंडेन्सर, कॉईल, प्लग, वायरी, सगळं नवीन टाकलं. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. काल सकाळी कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलेंडर ११५ ते १२० पीएसआय. दिवाळीआधी हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग झालंय. तेव्हाच मिस्त्रींच्या मागे लागून टॅपेटची (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाची) टकटकही बंद करून घेतली. आता शिलाई मशीनसारखं शांत चालतं, त्यामुळे ती बाजू ठीक आहे. साडेसहा हजार गेले. आता कुठं बघू?

घाटमाथा :
कुठून तरी हवा ओढतेय. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं असेल. चालू इंजिनावर जोडाशी थोडं पेट्रोल शिंपडा, आवाज बदलला की जागा सापडली.

बुलेटवाला :
हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो. तेही एकदा बघून घ्या.

जुना फिटर :
घाटमाथा, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल? आणि तेही केबिनच्या आत? तसलं काही करू नका हो. शिवाय हरिकेनला वेगळं इनटेक मॅनिफोल्ड नसतंच, तो मार्ग हेडमध्येच ओतलेला असतो आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. हवा ओढायला जागा म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट, नाहीतर हेडला येणारी एखादी नळी. पेट्रोल कमी पडत असतं तर रेस दिल्यावर गाडी आणखी मेली असती, इथं ती सावरते.

पुतण्या, तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय : "टकटक बंद करून घेतली." या इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. ग्राइंडिंग केलं की व्हॉल्व्ह सीटमध्ये जरा खोल बसतो, दांडी टॅपेटकडे सरकते आणि दोघांमधला गॅप कमी होतो. त्यात आवाज नको म्हणून कोणी आणखी घट्ट केलं, की गार असताना जेमतेम मिटणारा व्हॉल्व्ह तापून लांबला की मिटतच नाही. कॉम्प्रेशन तिथून निसटतं. रेसमध्ये निसटायला वेळ कमी मिळतो, म्हणून सावरल्यासारखी वाटते.

कॉम्प्रेशन गार इंजिनावर घेतलंत, तिथंच फसलात. गाडी पुरती तापवा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून परत घ्या. एखादं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा बघा. वाढलं तर रिंग, तेवढंच राहिलं तर बहुतेक व्हॉल्व्ह. मग इंजिन गार होऊ द्या आणि ब्लॉकच्या बाजूचं, मॅनिफोल्डखालचं झाकण उघडा. गॅप एक्झॉस्टला ०.०१६ इंच, वर इनटेकच्या रॉकरला ०.०१८. दोन पातळ पाने (स्पॅनर) लागतील, आणि थोड्या शिव्या.

तासगावचा पुतण्या :
तापवून घेतलं : ११६, ११२, ६५, ११४. तिसऱ्यात ऑईल घातलं, काटा जागचा हलला नाही.

झाकण उघडलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फीलर गेजचं (गॅप मोजायच्या पट्ट्यांचं) सर्वांत पातळ पानसुद्धा शिरेना. बाकीचे तीनही घट्टच, पण निदान पान जात होतं. मिस्त्रींना काय बोलणार, आवाज नको म्हणून मीच डोकं खाल्लं होतं.

जुना फिटर :
व्हॉल्व्ह जळलाय का? गॅप नीट करून परत तापवून आकडा बघा.

तासगावचा पुतण्या :
तिसरा १०८ वर आला. काल सांगलीला जाऊन आलो, सिग्नलला पाच मिनिटं उभी ठेवली, थरथर नाही. हेड पुन्हा उतरवत नाही, महिन्याभरानं परत मोजेन.

टकटक मात्र परत सुरू झालीय. काका बाजूलाच बसले होते. कवठे एकंद यायच्या आत म्हणाले, "आवाज यायला लागला रे, मिस्त्रीला दाखव."