हॅम म्हणे घरचा माणूस मानतात!

नेरुळकर: काल हॅम रेडिओच्या, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्यांच्या, या चर्चेत कुणीतरी लिहिलं, "हॅम रेडिओत कुणी परका नसतो, नवख्यालाही घरचा माणूस मानतात." वाचून राहवलं नाही. व्हीयू३ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची माझी ओळख, हातात आल्यावर मी पहिल्यांदा संध्याकाळच्या नेटवर गेलो. नेट म्हणजे ठरल्या वेळी हॅम रेडिओवर जमतात ती बैठक. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, हाताला घाम फुटलेला. दोनदा हाक दिली, कुणी ओ देईना. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "ओएम (हॅम एकमेकांना 'ओल्ड मॅन' म्हणतात), आधी प्रोसिजर, म्हणजे बोलायची रीत, शिका, मग या." पुढे अर्धा तास दोघं आपापल्या अँटेनांबद्दल बोलत बसले. महिनाभर मी सेटला हात लावला नाही.

चरईकर: तीस वर्षं सेटवर आहे, म्हणून बोलतो. रिपीटरवर, म्हणजे आपला आवाज पकडून लांबवर पोचवणाऱ्या केंद्रावर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं की सगळ्यांच्याच कानात खरखर. शिस्त लावणं म्हणजे हाकलणं नव्हे. आणि बंद खोलीतून ५ वॅटच्या हँडीवर (हातात धरायच्या छोट्या सेटवर) दिलेल्या पहिल्या दोन हाका पोचल्याही नसतील. मला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, शिकवलं ते नौपाड्यातल्या एका आजोबांनी. रोज सातला मोर्स वाजवायची पितळी की समोर ठेवायचे, आजी पोहे आणून द्यायच्या. एक पैसा घेतला नाही. डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा आपले हॅम पोर्ट ब्लेअरला होते, जगभर संपर्क करायला गेलेले. ते सगळं सोडून लोकांचे निरोप पोचवत बसले. ही माणसं तुम्हाला माणूसघाणी वाटतात?

नेरुळकर: तिसरी हाक पोचली ना? तिला काय उत्तर मिळालं ते बघा. संकटात धावून जाणं मोठंच आहे, पण रोजच्या दाराशी आलेल्याला 'या, बसा' म्हणणं वेगळं. तुम्हाला आजोबा भेटले. मला कोण भेटलं?

घोडबंदरवाला: अगत्याचं राहू द्या, सोसायट्यांवर बोला! ४० मीटर बँडचा (४० मीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा) डायपोल अँटेना म्हणजे साधारण २० मीटर तार, कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी जाड. लायसन्स दाखवलं तरी सेक्रेटरी म्हणतात रेडिएशन होईल. त्याच गच्चीवर मोबाइल टॉवर उभा आहे, त्याचं भाडं मात्र गोड लागतं!

खारघर सेक्टर १२: अगदी! मी तार रात्री बांधतो आणि सकाळी सोडतो. चोरासारखं!

कोपरीची शेजारीण: मी हॅम नाही, एका हॅमच्या शेजारी राहते. रात्री अकराला त्यांच्या सेटमुळे आमच्या स्पीकरमधून चिरका आवाज यायचा, बाळ दचकून उठायचं. सांगायला गेले तर दारातच उत्तर, "सरकारी लायसन्स आहे." आठ महिन्यांनी त्यांनी येऊन स्पीकरच्या वायरला फेराइटची रिंग, म्हणजे रेडिओच्या लहरी अडवणारं कडं, लावली. दहा मिनिटांचं काम, आवाज बंद. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर गच्चीवर अँटेना लावू द्यायची का, या मीटिंगमध्ये मी विरोधात हात वर केला नसता.

घोडबंदरवाला: म्हणजे एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना?

कोपरीची शेजारीण: मला तो एकच माहीत आहे. तुम्ही तरी तार बांधण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन विचारलंत का?

घोडबंदरवाला: नाही विचारलं.

चरईकर: त्या रिंगेचं बाईंचं बरोबर आहे. आणि नेरुळकर, त्या नेटवर मीही असेन कदाचित. मी बोललो नसेन, पण गप्प बसलो असेन. तेही चूकच, मान्य. रविवारी हाक द्या, मी ऐकत असेन. ती प्रोसिजर मात्र शिकावीच लागेल.

नेरुळकर: शिकतो. आधी सिग्नल रिपोर्ट, म्हणजे माझा आवाज कसा पोचतोय ते, द्या, चुका नंतर काढा.