टॅबचं टीव्हीवर दिसूनच नाही राहिलं, शनिवारच्या आत मदत पाहिजे

दारव्हा_गुरुजी:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहो. लोकवर्गणीतून टीव्ही घेतला, टॅब आधीचाच होता. पाचवीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपमधी व्हिडिओ उघडते, तो पोरायले मोठ्या स्क्रीनवर दाखवाचा आहे. टॅबचं चित्र बिनावायरचं टीव्हीवर पाठवाचं कास्टचं बटण दाबलं की नुसतं "डिव्हाइस शोधत आहे" फिरत राह्यते, टीव्हीचं नावच येत नाही. दोघायचंही नेट चालू आहे, तीन दिवस झाले, सगळं बंद-चालू करून झालं. शनिवारी पालक सभा आहे, ज्यायनं पैसे देले त्यायच्यासमोर चालवून दाखवाचं आहे. लवकर सांगा.

संत्रापट्टा:
टीव्ही अँड्रॉइड आहे का नुसता स्मार्ट? टॅब कोणता? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार गुरुजी.

वऱ्हाडी_पोट्टं:
इतकं कायले? पेनड्राइव्ह लावा. आमच्या इथं भागवत सप्ताहात सातही दिवस पेनड्राइव्हवरच चाललं, एकदाही अटकलं नाही.

दारव्हा_गुरुजी:
पेनड्राइव्हनं नाही जमत भाऊ, दीक्षातलं डाउनलोड ॲपमधीच उघडते, टीव्ही ते फाईल वाचत नाही. दोन्ही अँड्रॉइडच आहेत.

मोर्शीकर:
लोकेशन चालू करा आधी. माझ्या टॅबमधी लोकेशन बंद असलं की बाजूचं मशीनच दिसत नव्हतं. अन् मिराकास्ट म्हणून बिनावायरचं चित्र दाखवाची सोय असते, तिले नेट लागतच नाही, वायफाय डायरेक्टनं दोन्ही मशीन सरळ एकमेकाले जोडतात, राऊटर नको काही नको.

संत्रापट्टा:
मोर्शीकर, ते मिराकास्टचं झालं, गुरुजी कास्ट म्हणून राह्यले. दोन्ही वेगळे आहेत. गूगलनं २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून मूळ सिस्टीममधून मिराकास्ट काढून टाकलं, आता काही कंपन्या आपल्या मनानं ठेवतात, काही नाही. गूगल कास्टले दोन्ही मशीन एकाच वायफायवर लागतात.

मोर्शीकर:
माझ्या घरी दोन वर्षांपासून बिना वायफायचं चालू आहे, मले नका शिकवू.

संत्रापट्टा:
तुमच्या टॅबात अन् टीव्हीत दोन्हीकडं मिराकास्ट असंल म्हणून चालते. गुरुजीच्या टीव्हीत आहे हे तुमाले कोणी सांगितलं?

कापूसवाला:
सगळं सोडा, टाइप-सी ते एचडीएमआय केबल घ्या, खटकन चालू होते.

मनीषाताई_पुसद:
केबल विचारल्याशिवाय घेऊ नका सर. मी ९०० रुपये घालवून बसली. चार्जिंगचा पोर्ट टाइप-सी असला म्हणजे त्यातून चित्र निघतेच असं नाही, टॅबमध्ये तशी सोय असावी लागते. बरं मला हे सांगा, दोघांचं नेट चालू आहे म्हणता ते कशावर? शाळेत वायफाय आहे का?

शेतातून:
गुरुजी टीव्हीले स्टॅबिलायझर लावला का? आमच्या गावात संध्याकाळी सगळ्या मोटारी सुरू झाल्या की होल्टेज पार खाली जाते, मागच्या महिन्यात फ्रिज गेला. वर्गणीची वस्तू आहे म्हणून बोललो.

दारव्हा_गुरुजी:
शाळेत वायफाय कुठलं ताई. टॅबमधी सिम आहे, अन् टीव्ही मोठ्या सरायच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आहे.

मनीषाताई_पुसद:
मग हेच कारण आहे सर! हे पहिल्याच मेसेजमध्ये यायला पाहिजे होतं. टॅब सिमच्या नेटवर अन् टीव्ही हॉटस्पॉटवर, म्हणजे दोघं वेगवेगळ्या घरात बसले, एकमेकाला दिसतील कसे? टॅबचा मोबाईल डेटा बंद करा, टॅबपण त्याच हॉटस्पॉटला जोडा अन् मग कास्ट दाबा.

वऱ्हाडी_पोट्टं:
मोठ्या सरायचा दीड जीबी तासाभरात उडंल न मग.

संत्रापट्टा:
नाही उडत. स्क्रीन दाखवाले जे जाते ते टॅबमधून हॉटस्पॉटमार्गे टीव्हीतच जाते, इंटरनेटवर जात नाही. व्हिडिओ ऑनलाइन चालवला तरच डेटा लागंल, म्हणून घरूनच डाउनलोड करून आणा.

दारव्हा_गुरुजी:
आलं! टीव्हीचं नाव पयल्याच झटक्यात आलं, पोरं टाळ्या वाजवून राह्यले. ताई, लय आभार. फक्त चित्र मधी मधी अटकते. अन् शनिवारी मोठे सर मोबाईल घेऊन मीटिंगले गेले तर काय कराचं?

मनीषाताई_पुसद:
हॉटस्पॉटचा मोबाईल टीव्हीच्या जवळ ठेवून पाहा, आमच्या वर्गात त्यानंच अटकणं कमी झालं. अन् तुमच्या मोबाईलमध्ये हॉटस्पॉटचं नाव अन् पासवर्ड अगदी सरांच्यासारखाच टाकून ठेवा, स्पेलिंगसकट. त्यांचा बंद झाला की तुमचा चालू करा, टीव्ही अन् टॅब दोन्ही आपोआप जोडले जातील.

दारव्हा_गुरुजी:
नाव-पासवर्ड आत्ताच टाकला. उद्या लाइन असली की सरायचा बंद करून पाह्यतो अन् इथं सांगतो.

कापूसवाला:
ताई, तुमची ते केबल पडून असंल तर मले द्या, माझ्या मोबाईलले चालंल.