मदत हवी आहे: कयाकच्या तळाला पोचे पडलेत, पावसाळ्यात ठेवू कशी?

साताऱ्यात राहतो, कण्हेर आणि उरमोडी धरणांच्या पाण्यावर गळ टाकायला जातो. कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) बारा फुटी, वर बसून चालवायची, पॉलिथिलीनची, वजन तीसेक किलो. फायबरची नाही, त्यामुळे एमसील वगैरे सुचवू नका. या प्लास्टिकला ते धरतच नाही.

उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये दोन नायलॉन दोऱ्यांवर टांगली होती. चूक माझीच. मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी होते, प्लास्टिक मऊ पडलं आणि जिथे दोरी होती तिथे तळाला आडवे दोन पोचे आले. एक वीतभर रुंद, बोटभर खोल. चीर नाही, गळतीही नाही. आत साबणाचं पाणी फिरवून पाहिलं.

दोन दुपारी उलटी करून उन्हात ठेवली, मग गरम पाणी ओतून हॅचमधून (वरच्या झाकणाच्या तोंडातून) हात घालून आतून दाबलं. लहान पोचा जवळपास गेला, मोठा अर्धाच उठला. हीट गन (कडक गरम हवा फेकणारं यंत्र) मित्राकडे आहे, पण तळ वितळेल म्हणून धीर होत नाही.

आता जून ते सप्टेंबर ती शेडमध्येच राहणार. घरात जागा नाही, शेड चौदा फुटी, उंदीर आहेत, म्हणून जमिनीवर नको. भिंतीला कुशीवर टेकवून खाली रुंद पट्टे द्यावेत, की लाकडी घोडीवर पालथी ठेवावी?

आणि उरलेला पोचा हीट गनने काढलाय का कुणी? किती अंतरावरून, आतून आधार कशाचा दिलात?