परवडत नाही तर बदलापूरला जा म्हणे

६०३ वहिनी: नमस्कार सर्वांना. कालच्या मीटिंगला मी नव्हते, सेकंड शिफ्ट होती, पण ह्यांनी घरी येऊन सांगितलं ते ऐकून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मेंटेनन्स ३,२०० चा ५,९०० होणार, सोसायटीची ठेव (कॉर्पस) संपत आली, लिफ्टचं वर्षाचं देखभालीचं कंत्राट (एएमसी) वाढलं, मान्य. पण 'ज्यांना परवडत नाही त्यांनी रूम विकून बदलापूरला जावं' हे जे कोणी बोललं त्यांनी इथे सगळ्यांसमोर बोलावं

सेक्रेटरी: वहिनी कृपया पर्सनली घेऊ नये. चर्चेच्या ओघात निघालेला शब्द आहे 🙏

१५०३ दादा: ओघात नाही, मी बोललो. आणि चुकीचं काय बोललो? माझा सख्खा भाऊ गेला बदलापूर ईस्टला. चाळीत दहा बाय बारामध्ये आम्ही सात माणसं होतो, आज त्याच्या पोरीला स्वतःची खोली आहे. इथे राहायचंय, टॉवर पाहिजे, लिफ्ट पाहिजे, पण बिल चाळीचं पाहिजे असं कसं चालेल

नाना २०१: कॉर्पसचा हिशोब आणि ऑडिट रिपोर्ट ग्रुपवर टाकणे.

६०३ वहिनी: भाऊ किती वाजता घर सोडतात ते पण सांगा ना दादा. माझी सकाळची ड्युटी ७ ला, इथून चालत बारा मिनिटं. तिकडून यायचं तर पाचला निघा, फास्ट मिळाली तर दादरला उतरा, परत परळची स्लो पकडा. आणि गर्दी काय असते ते २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याला बघितलंच सगळ्यांनी, दारात लटकलेली माणसं पडून जिवानिशी गेली. सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला केईएमला न्यायचं असतं, ते वेगळंच

अप्पा ९०४: वयनी, खरा बोललात. गिरणी कामगारांना पण घरं म्हणून शेलू-वांगणी दाखवली. ८२ च्या संपात गेलेल्यांची पोरं आणि काठी टेकत आलेली म्हातारी माणसं जुलै २०२५ ला आझाद मैदानात काय हौस म्हणून बसली होती? ज्या जमिनीवर घाम गाळला तिथे टॉवर आणि आम्ही नेरळच्या अलीकडे

१५०३ दादा: अप्पा गिरणी कुठून आणली मध्ये? बाबा माझे पण गिरणीतच होते

बंटी ८०२: वांगणी नको तर कर्जतला चला, वडा तरी चांगला मिळतो 😂 फक्त खोपोलीच्या पुढे कोणाला पाठवू नका, लोकल संपते

सेक्रेटरी: बंटी विषय सिरीयस आहे.

बंटी ८०२: सॉरी साहेब. मग दुसरा सिरीयस विषय, माझ्या ॲक्टिव्हाच्या सीटवर रोज कबुतरांची रांगोळी असते. १२०१ ने दाणे बंद करावेत

१२०१ काकू: आम्ही दाणे टाकत नाही. ती आपली आपण येतात. आधी स्वतःची गाडी लाईनीत लावायला शिका

नाना २०१: कबुतरं नंतर. ऑडिट रिपोर्ट. आणि ५०० फुटांच्या आतल्या घराला २०२२ पासून प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे, आपली सगळ्यांची घरं त्याच्या आत, मग बिलात म्युनिसिपल टॅक्स ४१० रु. कसला?

सेक्रेटरी: नाना त्यात पाणीपट्टी धरलेली आहे.

नाना २०१: पाणीपट्टीची ओळ खाली वेगळी आहे. चष्मा लावून वाचलंय.

७०६ भाडेकरू: मी बोलावं की नाही माहीत नाही, पण जा म्हणणं सोपं आहे. अकरा महिने संपतायत, मालक २८ चे ३४ हजार मागतायत, म्हणून विरारला घर बघून आलो. नवा मालक डिपॉझिट आधी मागतो, इथला मालक घर खाली केल्यावर देणार, मधल्या दिवसांत दीड लाख आणायचे कुठून? ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, पोराची शाळा, बायकोचे पोळीभाजीचे बावीस डबे इथल्याच ऑफिसांत जातात ते बंद. स्वस्तात जायलासुद्धा हातात पैसे लागतात साहेब

१५०३ दादा: हा ग्रुप मेंबर्सचा आहे. भाडेकरूंनी आपल्या मालकामार्फत बोलावं

बंटी ८०२: घर भाड्याने दिलं म्हणून मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेताना बरा चालतो भाडेकरू 😷

१५०३ दादा: तू गप रे. तुझे चार महिन्यांचे थकलेत, २१ टक्क्याने व्याज चढतंय, यादी लावू का इथे?

सेक्रेटरी: कृपया सर्वांनी शब्द जपून वापरावेत 🙏🙏

अप्पा ९०४: दादा, भाऊ बदलापूरला गेला, चांगलं झालं. पण आई तुझ्याकडे राहिली ना? डायबेटीसचं इंजेक्शन रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी कोण देऊन जातं ते पण लिही ग्रुपवर

१५०३ दादा: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

६०३ वहिनी: अप्पा राहू दे. दादांच्या आईंचा विषय नको इथे

नाना २०१: हिशोब.

सेक्रेटरी: सूचना: उद्या टाकी सफाई, सकाळी ९ ते २ पाणी बंद. पाणी भरून ठेवावे. मेंटेनन्सवर रविवारी पुन्हा बसू.

नाना २०१: रिपोर्ट घेऊन बसू.

१५०३ दादा: वहिनी, सकाळी येताय ना?

६०३ वहिनी: सव्वासहाला येते. सुया संपल्यात, आज रात्री आणून ठेवा